कुलुपाआधी रोजमेळ

रोजमेळ जुळल्याशिवाय शहाणा दुकानदार कुलूप लावीत नाही. आपण संगणकावर मात्र खुशाल लावतो!

ईमॅक्स हा मजकूर-संपादक पडद्याआड चालू ठेवता येतो. खिडकी मिटली तरी तो जागाच असतो, जतन न केलेला मजकूर पोटात घेऊन. ‘किल-ईमॅक्स’ ही आज्ञा काही न विचारता त्याला बंद करते. ‘सेव्ह-बफर्स-किल-ईमॅक्स’ आधी विचारते. पण खिडकीच नसेल तर उत्तर देणार कोण? मग गाडे अडते आणि आपण उतावीळपणे ‘किल -९’ मारतो. माझ्या हिशेबाच्या टिपणाचा शेवटचा भाग असाच गेला.

दोष यंत्राचा नव्हे, घाईचा. ‘ईमॅक्सक्लायंट -सी’ने खिडकी उघडावी, विचारणारी आज्ञा द्यावी, उत्तरे द्यावीत. बळजबरी अगदी शेवटी. विचारणाऱ्याला उत्तर देण्याइतकी सवड आपल्याला नको का?