आधी माणूस, मग इमारत

नेकनूरच्या पोरांना टेनिस ठाऊक आहे ते टीव्हीवरचं. टेनिसच्या चेंडूचा इथला खरा उपयोग क्रिकेटपुरता! तरीही या अंकात पुण्याचे टेनिस प्रशिक्षक हेमंत बेंद्रे यांच्या कामाविषयी आम्ही मुद्दाम लिहितो आहोत.

अहमदाबादची अंकिता रैना 2007 मध्ये पुण्याला आली आणि बेंद्रे सरांकडे शिकू लागली. जाकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत तिला एकेरीचं कांस्यपदक मिळालं ते 2018 मध्ये. सानिया मिर्झानंतर असं पदक मिळवणारी ती दुसरीच भारतीय महिला. मधली वर्षं कशी जातात, हे कोर्टाच्या कडेला उभं राहिलं की कळतं. जाळीपलीकडे प्रशिक्षक, शेजारी चेंडूंची टोपली. एकेक चेंडू त्याच कोपऱ्यात पडतो. पोरगी धावते, मारते, परत मधोमध येते. टोपली रिकामी झाली की चेंडू वेचायचे आणि पुन्हा सुरू. यात टाळ्या कुठेच नाहीत.

टेनिस महागडं, ते इथे लगेच रुजेल असा आमचा भ्रम नाही. पण मुद्दा टेनिसचा नाही, प्रशिक्षकाचा आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळेही स्टीपलचेसकडे वळला तो लष्करात गेल्यावर, प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या नजरेत भरला म्हणून. इथे असताना त्याला हेरणारं कोण होतं?

म्हणून आमची मागणी साधी आहे. क्रीडासंकुलाच्या इमारतीआधी तालुक्याला एक पूर्णवेळ, पगारी प्रशिक्षक द्या. प्रशिक्षकाची फीत कापता येत नाही, ही अडचण आम्हालाही कळते.