गुण निम्मे कशाला?

पोलंडच्या एक्स्ट्राक्लासा फुटबॉल लीगमध्ये २०१३ पासून चार हंगाम एक अजब नियम होता. तीस सामने झाले की सगळ्यांचे गुण निम्मे करायचे आणि मग शेवटचे सात सामने खेळवायचे! का, तर म्हणे चुरस वाढते. मला हे कधीच पटलं नाही. घाम गाळून मिळवलेले गुण असे कापायचे?

२०१७ मध्ये नियम गेला. आणि गंमत बघा, २०१८-१९ मध्ये ग्लिवीत्सेचा पिआस्त तीस सामन्यांनंतर सात गुणांनी मागे होता. शेवटच्या सातपैकी सहा जिंकून, एक बरोबरीत सोडवून त्याने बलाढ्य लेगियाला मागे टाकलं... पहिलंवहिलं विजेतेपद! गुण निम्मे झाले असते, तर याचं श्रेयही नियमानेच लाटलं असतं.

तुम्हाला काय वाटतं?