फाउंटन नव्हे, हुतात्मा चौक म्हणा!

कामगार बंधूंनो, मावळ सोडून, लोणावळ्याला गाडी धरून आपले बापजादे गिरणीच्या भोंग्यामागे मुंबईला गेले. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. लढ्यात शंभरावर बळी गेले, तेव्हा कुठे १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. चौकाला हुतात्म्यांचं नाव लागलं, मशाल घेऊन शेतकरी-कामगार तिथं उभे राहिले.

आणि आपण? आजही कंडक्टरला म्हणतो, "एक फाउंटन द्या!"

फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची देवी. बाईंशी आपलं भांडण नाही. कारंजं खुशाल तिच्या नावानं राहो. चौक मात्र रक्त सांडून घेतलाय. शहाणे सांगतात, जुनं नाव म्हणजे इतिहास, पुसू नका. मग १९५५ काय पुराण आहे?

उद्या बोरीबंदरला उतरलात की मोठ्यानं विचारा, हुतात्मा चौक कुठं?