उसनी नखे

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात नखांवर लेख पाहून काही गुरुजनांच्या भुवया वर जातील. जाऊ द्यात. ज्या विषयावर मुलींच्या कॉमन रूममध्ये तासन् तास खल चालतो आणि ज्यापायी घरून आलेल्या पैशांतले हजार-दीड हजार रुपये एका बैठकीत उडतात, तो विषय क्षुद्र कसा म्हणावा? शिवाय ‘नखरा’ हा शब्द नखावरून आला असे समजून आमच्यावर ताशेरे ओढणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की तो फारसीतून आलेला आहे. त्याचा नखाशी सुतराम संबंध नाही.

वास्तविक उसनी नखे आपल्या भागाला नवी नाहीत. मिरजेच्या सतारी सर्वांना ठाऊक आहेत. 2024 मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. सतारवादक उजव्या तर्जनीवर तारेची जी मिजराब चढवतो, तिला आपण नखीच म्हणतो. शेजारच्या साताऱ्यात 2024 च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयातून आलेले वाघनख प्रदर्शनात मांडले गेले. नखी काय किंवा वाघनख काय, दोन्ही माणसाने घडवलेली, दोन्ही नेमक्या कामासाठी, आणि काम झाले की बोटातून काढून ठेवायची. पार्लरमधल्या नखांनाही मी हीच कसोटी लावते. नख दिसते कसे हा प्रश्न दुय्यम. ते हाताला काय करू देते आणि उतरते कसे, हा पहिला.

पार्लरच्या खुर्चीत मात्र क्रम नेमका उलटा असतो. आधी रंगांचे नमुने पुढे येतात, मग लांबी, मग आकार बदामी की चौकोनी, आणि अगदी शेवटी जाता जाता विचारतात, “ताई, जेल करू की अ‍ॅक्रिलिक?” बहुतेकजणी उत्तर देतात, “जे जास्त टिकेल ते.” माझे भांडण या उत्तराशी आहे.

अ‍ॅक्रिलिक म्हणजे पूड आणि द्रव कुंचल्यावर एकत्र घेऊन नखावर चढवलेला थर. तो आपोआप घट्ट होतो. आजोबांच्या कवळीचे आणि याचे गोत्र एकच. 1954 साली फ्रेड स्लॅक या अमेरिकन दंतवैद्याने आपले मोडलेले नख कवळीच्या द्रव्याने सांधले आणि तिथून हा धंदा सुरू झाला, असे सांगतात. यात पूर्वी मिथाइल मेथाक्रिलेट नावाचा द्रव सर्रास असे. लोकांच्या नखांना इजा झाल्याच्या तक्रारी आल्यावर 1970 च्या दशकात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने निव्वळ त्याच द्रवाच्या नखद्रव्यांवर कारवाई केली. चांगल्या मालात आता त्याच्या जागी इथाइल मेथाक्रिलेट असते. पण जुना द्रव स्वस्त पडतो आणि त्याचे नख फार कठीण होते. एस.टी.च्या खिडकीत असे नख अडकले तर ते मोडत नाही. खालचे आपले नख उपटून निघते. टिकाऊपणाचा हा असाही अर्थ आहे.

जेल मधासारखे असते आणि अतिनील दिव्याखाली धरल्यावर घट्ट होते. त्याला अ‍ॅक्रिलिकसारखा उग्र वास नाही, चकाकी सुरेख, म्हणून ते निरुपद्रवी वाटते. मला भीती त्याचीच जास्त. दिवा कमजोर असला किंवा थर जाड पडला तर आतले जेल कच्चे राहते. कच्चे जेल कातडीला वारंवार लागत राहिले, की काहींना अ‍ॅलर्जी जडते. बोटांच्या टोकांना खाज आणि भेगा. कधी पुरळ उठते ते पापण्यांवर, कारण हात तिथेही जातो. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला. युरोपीय संघाने हेमा हे जेलमधले द्रव्य व्यावसायिकांनीच वापरावे असा नियम 2020 मध्ये केला, आणि टीपीओ या दुसऱ्या घटकावर 1 सप्टेंबर 2025 पासून बंदीच घातली. ही अ‍ॅलर्जी सहसा जन्मभर सोबत राहते. याच कुळातली द्रव्ये दात भरताना लागतात, सांधा बदलताना हाडाच्या सिमेंटमध्येही लागतात. विसाव्या वर्षीच्या हौसेचा खुलासा साठाव्या वर्षी डॉक्टरांपुढे करावा लागावा, हा सौदा मला महाग वाटतो. होस्टेलच्या खोलीत स्वस्तातला दिवा आणि जेल मागवून एकमेकींची नखे करणे, हा तर सर्वांत वाईट मार्ग.

नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. म्हणजे तीन आठवड्यांत मुळाशी दोन मिलिमीटरची फट दिसू लागते आणि पुन्हा पार्लर गाठावे लागते. कंटाळून ते ओरबाडून काढले तर स्वतःच्या नखाचे पापुद्रे सोबत निघतात, आणि मुळापासून नवे नख पूर्ण यायला सहा महिने जातात.

आता हाताची कामे पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 च्या मार्गदर्शिकेत रुग्णांना हाताळणाऱ्यांनी कृत्रिम नखे लावू नयेत असे म्हटले आहे. मिरजेत नर्सिंगला गेलेल्या मैत्रिणींचा प्रश्न तिथेच मिटतो. घरी भाकरी थापायची असते. इंचभर बदामी नखांनी ज्वारीची भाकरी न फाडता थापून दाखवणारीला मी पदरचे बक्षीस देईन. (ती मुलांनीही का थापू नये, हा वेगळ्या लेखाचा विषय.) आणि आपण पडलो हळदीच्या गावचे. बहिणीच्या हळदीला फिकट गुलाबी नखे लावून उभे राहिले, तर ती परतताना कोणत्या रंगाची असतील हे सांगलीकरांना सांगायला नको.

मात्र ‘कृत्रिम’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझे जमत नाही. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात सीतास्वयंवराचा खेळ केला, तेव्हा स्त्रीपार्टी पुरुषच होते. तो साजशृंगार उसना म्हणून सांगलीने नाटक नाकारले नाही. हौसेला माझा विरोध नाही. पण आपण पार्लरमध्ये महिन्यातून तासभर बसतो. आपली नखे घासणारी मुलगी तिथे दिवसभर तीच पूड आणि तोच वास घेते. पुष्कळदा ती आपल्याच वयाची असते. तिच्या तोंडाला मास्क, हातात मोजे आणि खोलीला उघडी खिडकी नसेल, तर त्या पार्लरची पायरी चढू नये असे मला वाटते.

स्नेहसंमेलन किंवा लग्नापुरती हौस असेल, तर माझे मत तयार मिळणाऱ्या प्रेस-ऑन नखांना. शंभर-दोनशे रुपयांत पाकीट मिळते, संध्याकाळी लावली की रात्री उतरतात, नखीसारखी डबीत ठेवता येतात. त्यातही सोबतचा गोंद टाळून दुहेरी चिकटपट्ट्या घ्याव्यात. तो गोंदही दूरचा का होईना, त्याच घराण्यातला. पट्टीवरचे नख कधी भलत्या वेळी निसटते, हे खरे. ताटात पडलेच तर ते निदान शेजारणीच्या लक्षात येण्याआधी उचलावे.