दान नव्हे, परतफेड



कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने सुमारे 35 लाख रुपये नागपूर विद्यापीठाला ठेवले. मोघम नव्हे, तंत्रशिक्षणासाठीच. त्यातून 1942 साली संस्था उभी राहिली. तेल तंत्रज्ञानही तिथे शिकवले गेले. 2023 मध्ये तिचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. माणूस गेला, पैसा कामाला राहिला.

मग अकोल्याच्या कृषी विद्यापीठात कोरडवाहू कापूस-ज्वारीच्या संशोधनासाठी कोणी का ठेवू नये? दोन एकरवाल्याने जमीन लिहून द्यावी, असे आम्ही म्हणणार नाही. त्याची लूट आधीच झाली आहे. हे देणे आम्हा कृषी पदवीधरांचे, जिनिंगवाल्यांचे, बियाणे विकून मोठे झालेल्यांचे. आमची फी नाममात्र होती. खरा खर्च तुमच्या घामाने भरला.

मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर होते. त्यात तीन अटी घाला : मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज कोरडवाहू वाणांवरच खर्चायचे, हिशेब दरवर्षी शेतकऱ्यांपुढे मांडायचा. आणि या पैशाचे निमित्त करून सरकारला आपला वाटा कमी करू द्यायचा नाही.

जिल्हा बैठकीत हा ठराव आम्ही मांडू. पहिली सही आम्हा पदवीधरांची असेल.