फ्रेंच धड, इंग्रजी डोकं

माझ्या मेहुण्याच्या १९४८ च्या एमजी टीसीचं इंजिन आम्ही कोल्हापुरात उतरवलं, तेव्हा ऑइल सम्पच्या एका भोकाचे आटे आधीच गेलेले होते. कुणा जुन्या मेकॅनिकचा प्रताप. त्याला नावं ठेवायला मी धजत नाही. चाळीस वर्षं लेथवर काढूनही मी तेच केलं असतं.

गाडी विलायती. बोल्टच्या डोक्यावर व्हिटवर्थचा पाना चपखल बसतो. मग आटेही इंग्रजीच असणार, नाही का? ५/१६ इंची बीएसएफ बोल्टचा व्यास ७.९४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ आठच. दोन फेरे सुरळीत आत जातो आणि अडतो. ‘कचरा अडकला असेल’ म्हणून आपण जोर लावतो, की संपलं.

त्या एक्सपीएजी इंजिनाचे आटे मेट्रिक आहेत : ८ मिलिमीटरला १ मिलिमीटर पिच. आज दुकानात सर्रास मिळणारा ८ चा बोल्ट १.२५ पिचचा, तोही कामाचा नाही. हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतला कारखाना १९२३ मध्ये मॉरिसकडे आला, सोबत फ्रेंच मापांची यंत्रंही आली. आटे तसेच राहिले. गॅरेजवाल्यांकडे इंग्रजी पाने, म्हणून डोकी तेवढी इंग्रजी!

हे अनुभवातून कळणारं नव्हे. नवशिका निदान बिचकतो, विचारतो. अनुभवी हात बेधडक फिरतो. म्हणून पुस्तकाची जास्त गरज मुरलेल्या माणसाला आहे, असं माझं मत झालंय. आपल्याकडे मात्र उस्तादाने पुस्तक उघडलं की गिऱ्हाइकाला वाटतं, याला येत नाही.

हौशी मालक तर आणखी पुढचे. चाकांना क्रोम चढवायला खिसा सैल सोडतील, पुस्तकाची किंमत ऐकून मात्र झेरॉक्स शोधतील. टीसीची तारेची चाकं कारखान्यातून रुपेरी रंग देऊन येत. पुस्तक आधी घेतलं असतं, तर क्रोमचा खर्च वाचला असता.

माझा भरवसा सगळ्यात जास्त कारखान्याच्या पार्ट्स लिस्टवर. रुक्ष, पण कोणता वॉशर कोणाच्या आधी, हे आकृतीत स्वच्छ दिसतं. ऑस्ट्रेलियातल्या माइक शेरेल यांचं ‘टीसीज फॉरेव्हर!’ हे टीसीवेड्या माणसाचं पुस्तक, ते रात्री वाचायला. (टीसीच्या चॅसी क्रमांकांची सुरुवात २५१ पासून, कारण ॲबिंग्डनच्या कारखान्याचा फोन नंबर २५१. याचा दुरुस्तीला काडीचा उपयोग नाही, तरी मी भेटेल त्याला सांगतो.)

दारांच्या बाबतीत मात्र मी पुस्तक मिटून ठेवलं. पत्र्याखाली ॲश लाकडाचा सांगाडा, तोही हाताने जुळवलेला. आमची डावी-उजवी दारं एकमेकांशीच जुळत नाहीत, तिथे पुस्तकातलं माप काय करणार? सुतार कुजलेली चौकट जाळायला निघाला होता. ती काढून घेतली आणि तिच्यावरूनच नवी आखली.

राहता राहिले बोल्ट. मेहुणा म्हणाला, “भावजी, १३ चा पाना घरात आहे, तेवढंच डोकं करून टाका.” मी पार्ट्स लिस्ट आणि पिच गेज घेऊन उद्यमनगरात गेलो. टर्नर पोरगा माझ्या नातवाच्या वयाचा. त्याने जुना बोल्ट गेजवर धरला, डोक्याला व्हर्नियर लावला, पुन्हा गेजवर धरला.

“काका, हे दोन्ही एकाच बोल्टचं आहे?”

“हो.”

“मग डोकं इंग्रजीच ठेवू?”