पोर म्हणजे पुरवणी नव्हे

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत गप्पा रंगल्या की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘आपण रांगेत उभं राहून आलो, ते घुसून आले. पोरांचे हाल झाले तर दोष आईबापांचा.’ वाक्य चोख आहे. जरा ओढलं की उसवतं.

2018 च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सरकारने मेक्सिकोच्या सीमेवर ‘झीरो टॉलरन्स’ आणलं. विनापरवाना शिरेल त्या प्रत्येकावर फौजदारी खटला; आईबाप कोठडीत, पोरं त्यांच्यापासून वेगळी. समर्थक म्हणाले, चोराला तुरुंगात टाकलं की त्याचीही पोरं दुरावतातच. यात नवं ते काय? नवं हे, की पहिल्यांदा असं शिरणं हा तिथे किरकोळ गुन्हा आहे, कमाल शिक्षा सहा महिने. कित्येक आईबापांचा खटला काही दिवसांतच आटोपला, आणि तोवर लेकरू शेकडो मैलांवरच्या निवाऱ्यात पोचलेलं. कुणाचं मूल कुठे, याची धड नोंद नाही. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ट्रंक ठेवली तरी पावती मिळते! अखेर 26 जूनला सॅन दिएगोचे न्यायाधीश डेना सॅब्रॉ यांनी पाच वर्षांखालची मुलं 14 दिवसांत आणि बाकीची 30 दिवसांत आईबापांकडे द्या, असं फर्मावलं. पुढे ताटातूट झालेल्या मुलांची मोजणी पाच हजारांपलीकडे गेली.

‘पण जरब तर बसते ना?’ कुटुंबासह सीमेवर पकडलेल्यांचा आकडा एप्रिलमध्ये साडेनऊ हजारांच्या आसपास होता. ताटातुटीचा कहर चालू असताना, मे आणि जूनमध्येही तो तेवढाच राहिला.

माझं म्हणणं एवढंच, की कायद्याने मुलाला आईबापांच्या अर्जाची पुरवणी समजू नये. 1997 च्या फ्लोरेस करारामुळे मुलांना कोठडीत कसं ठेवावं याचे किमान नियम मिळाले. कोर्टात मात्र पोर एकटं. चोरीच्या गंभीर आरोपात गरीब माणसाला 1963 पासून सरकारी खर्चाने वकील मिळतो. हद्दपारीचा खटला दिवाणी म्हणून मुलाला तो हक्क नाही. समोर सरकारचा वकील असतोच. तीन-चार वर्षांच्या मुलांनाही आपण इमिग्रेशनचा कायदा शिकवला आहे, असं एका इमिग्रेशन न्यायाधीशाने 2015 मध्ये शपथेवर सांगितलं. त्या वयाचं आपलं पोर बालवाडीच्या दारात आईचा पदर सोडत नाही. अशा प्रत्येक मुलाला सरकारी खर्चाने वकील मिळालाच पाहिजे.

आणि रांगेतल्यांनी फार ऐटीत राहू नये. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांचं मूल दोन वर्षांचं असताना आलेलं असलं, तरी 21 व्या वर्षी आईबापांच्या व्हिसातून गळतं. ग्रीन कार्डाची भारतीयांची रांग त्याआधी सरकेलच असं नाही. 2012 ची ‘डाका’ सवलतही त्याला नाही, कारण ती लहानपणी येऊन बेकायदा राहणाऱ्यांसाठी, आणि हे तर कायदेशीर! आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. मग ज्या गावात ते पहिलीत गेलं, त्याच गावात परदेशी विद्यार्थी म्हणून राहू द्या, असा अर्ज भरायला बसतं.